जहाजावर उतरणारें विमान

आपल्या खानदेशांत समुद्र नाहीं. येथील विद्यार्थ्यांस तापी आणि पांझरा ह्याच काय त्या ठाऊक. म्हणून गोव्यास जाणाऱ्या पालकांनीं दाबोळीजवळील नौदलाचें विमान-संग्रहालय मुलांस अवश्य दाखवावें. तें 1998 सालीं उघडण्यांत आलें.

तेथील 'सी हॉक' ह्या जेट विमानाच्या तोंडापाशीं उभें राहून लोक छायाचित्र काढितात व पुढें जातात. ह्या विमानाची खरी खुबी शेपटीखालच्या आंकड्यांत आहे. तें ज्या 'विक्रान्त' जहाजावर उतरे, त्याची लांबी अवघी 700 फुटांच्या आसपास. म्हणून डेकवर आडवे पोलादी दोर ताणलेले असत. उतरतांना आंकडा दोरांत अडके, आणि डेकखालील यंत्र तो दोर नेटानें पण सैल सोडीत विमानाचा वेग जिरवी. उधळलेल्या बैलास एकदम हिसका दिला तर दावें तुटतें, तसेंच हें. आंकडा चुकला तर वैमानिकास तत्काळ पुनः उड्डाण करावें लागे. उड्डाणासाठीं वाफेच्या जोरानें विमान पुढें फेंकीत. पंख मात्र दुमडते, कारण जहाजाच्या पोटांत जागा थोडी.

4 डिसेंबर 1971 रोजीं विक्रान्तवरील सी हॉक विमानांनीं कॉक्स बझारवर हल्ला केला. जहाज 1997 सालीं सेवेंतून निवृत्त झालें. पुढें कांहीं वर्षें तें मुंबईस संग्रहालय होतें. 2014 सालीं तें मोडावयास काढिलें. तें दोर असलेलें डेक आतां पाहावयास मिळणार नाहीं. ज्यांच्या वडिलांनीं मुंबईस तें जहाज पाहिलें असेल, त्या मुलांनीं घरीं अवश्य विचारावें.