म्हातारपणी घरकुल हवंय? मग आधी आपलं नाव कोणत्या कागदावर आहे ते बघा

बार्शी : माळवदाच्या, दगड-मातीच्या खोलीत दिवस काढणारी म्हातारी माणसं तालुक्यातल्या गावागावांत आहेत. पोरं पुण्या-मुंबईला, इथं नवरा-बायको दोघंच, नाहीतर एकटी म्हातारी. ग्रामपंचायतीत "घरकुलाचं बघा की" म्हणून सांगून येतात. पुढं यादी लागते, नाव नसतं. "आमचा कुठं वशिला" म्हणून विषय तिथंच संपतो. वशिल्याचं राहू द्या, पण अडचण बऱ्याचदा कागदात असते आणि ती वेळेत कळली तर सुटू शकते.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 पासून सुरू आहे. सपाट भागात घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी वेगळी. राज्य सरकारने 2025 मध्ये आणखी 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार छतावरच्या सोलरसाठी आहेत. घर स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटरचं हवं.

या योजनेला वयाची वरची अट नाही. उलट ज्या कुटुंबात 16 ते 59 वयाचं कोणी नाही, त्याला प्राधान्यक्रमात गुण मिळतो. बाई कुटुंबप्रमुख असून घरात त्या वयाचा पुरुष नसेल, किंवा घरात अपंग माणूस असून धडधाकट कोणी नसेल, तरी गुण आहे. पण हे गुण मिळतात ते कुटुंबाला, आणि कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं.

गडबड इथंच होते. समजा, आई-बाप गावात वेगळे राहतात, हातानं करून खातात, पण रेशनकार्डावर नावं अजून पोराच्यातच आहेत. पोरगा नोकरीला किंवा दारात चारचाकी. मग सर्वेक्षणात म्हातारा-म्हातारी त्या घरात धरली गेली तर गुण तर जातोच, वर अख्खं कुटुंबच अपात्र ठरू शकतं. चूल खरोखर वेगळी असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज देऊन कार्ड वेगळं करून घ्यावं. नुसतं घरकुलासाठी कागदावर वेगळं व्हायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, पडताळणीला माणूस दारात येतो.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. बागायत अडीच एकर किंवा जिरायत पाच एकर आणि त्याहून जास्त जमीन असेल तर घरकुल नाही. आपल्याकडं पोरं वर्षानुवर्षं वेगवेगळी कसतात, पण उतारा अजून बापाच्याच नावावर असतो. म्हणजे ज्याच्या हातात काही उरलं नाही तोच कागदावर मोठा शेतकरी! सहमती असेल तर कलम 85 खाली तहसीलदारांकडं वाटणीचा अर्ज करता येतो. पण सगळी जमीन पोरांच्या नावावर करून म्हाताऱ्यानं मोकळं होऊ नये, तेवढ्या घरकुलापायी तर नाहीच. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा 50 हजार किंवा जास्त असली तरी नाव वगळलं जातं. मोटारसायकल आणि फ्रीजची जुनी अट मात्र 2024 मध्ये निघाली.

यादी ग्रामसभेपुढं येते, त्या दिवशी हजर राहावं. नाव नसेल तर लेखी हरकत द्यावी, पोच घ्यावी. जिल्हा पातळीवर अपिलाचीही सोय आहे.

स्वतःची जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला एक लाखापर्यंत मदत आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी आवास योजना आहे. चौकशी पंचायत समितीत करावी.

मंजुरी आली तरी बांधणार कोण, हा म्हाताऱ्या माणसाचा खरा प्रश्न. हप्ते कामाचे फोटो चढतील तसे येतात, आणि वाळू-सिमेंटच्या मागं फिरायला अंगात बळ नसतं. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याची तरतूद आहे, फारशी कोणी सांगत नाही. वृद्ध, आजारी किंवा अपंग लाभार्थ्याला स्वतः बांधणं जमत नसेल तर ते घर गवंडी प्रशिक्षणात घ्यायचं आहे. तेही झालं नाही तर ग्रामपंचायत आणि गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांमार्फत मदत मिळवून द्यायची जबाबदारी राज्याची आहे. ठेकेदार लावायला योजनेत परवानगी नाही. म्हणून मंजुरी मिळताच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं हा अर्ज लेखीच द्यावा.

बार्शी शहर आणि नगरपंचायत झालेलं वैराग इथल्या लोकांना ही ग्रामीण योजना लागू नाही. त्यांच्यासाठी सप्टेंबर 2024 पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा आहे. त्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही भाग आहे. बांधायची ताकद नसलेल्या एकट्या माणसाला तोच सोयीचा, पण ती घरं प्रकल्प उभा राहिला तरच मिळणार. ग्रामीण योजनेत भाड्याचं घर नाही. शहरातल्यांनी नगरपरिषदेत आणि वैरागकरांनी नगरपंचायतीत विचारावं.

घरकुल दोघांच्या नावानं किंवा बाईच्या नावानं मंजूर होतं, ते नाव तसंच ठेवावं. पोराला बक्षीसपत्र करून द्यायचंच असेल तर "सांभाळ करील" ही अट त्यात लिहून घ्यावी. अट असून सांभाळलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडं करायचा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567, फोनला पैसे पडत नाहीत.