अंधारात ‘कुणीतरी’ दिसते तेव्हा

रात्री दारापाशी कुणीतरी उभे होते, नीट पाहिले तर नाहीसे झाले, असे अनेकजण सांगतात. याचे कारण बहुधा आपल्या डोळ्यांतच असते.

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात रंग आणि बारकावे टिपतात, तर दंडपेशी अंधुक प्रकाशात काम करतात. पडद्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात. म्हणूनच डोळ्याच्या कडेने दिसलेली अंधुक वस्तू थेट पाहिल्यावर दिसेनाशी होते. दिवा मालवल्यानंतर दंडपेशी अंधाराला पूर्ण सरावायला सुमारे ३० मिनिटे लागतात. अपुऱ्या चित्रातील रिकाम्या जागा मेंदू ओळखीच्या आकारांनी भरतो. मग खुंटीवरचा सदराही माणूस वाटतो. मनात भीती असेल तर अधिकच.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• मोतीबिंदू, काचबिंदू किंवा पडद्याच्या आजाराने नजर कमी झालेल्या ज्येष्ठांना दिवसाही माणसे दिसू शकतात. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. हे वेड नव्हे. डोळे तपासून घ्या.
• ताप, असंबद्ध बोलणे किंवा नवीन औषध सुरू झाल्यावर असे घडले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.
• सोबत विसरभोळेपणा, कंप किंवा मंदावलेल्या हालचाली असल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा.

आजी-आजोबांनी असे सांगितले तर हसू नका, रागावू नका. आधी दिवा लावा, मग शांतपणे विचारा. अंगारे-धुपारे करण्यात दिवस गेले, तर बरा होऊ शकणारा आजार बळावतो.