इंजिनाचा तिसरा हिस्सा

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर बरीच वर्षं एक लोखंडी नळी पडून होती. बोटभर लांबीची, बाहेरून काळपट, आतून आरशासारखी चकचकीत. पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून मी ती वापरत असे. घरी येणारे कवी ती उचलून बघायचे, एका डोळ्याने आरपार पाहायचे आणि परत ठेवायचे. ही नळी म्हणजे एका रेसिंग कारच्या इंजिनाचा सिलिंडर आहे, असं सांगितलं की हसायचे. तरी सांगतो ते खरंच होतं. फक्त तो मूळ इंजिनाच्या एक तृतीयांश मापाचा होता, आणि त्यात कधी जाळ पेटला नव्हता.

तो माझ्या थोरल्या भावाने केला. आम्ही त्यांना भाईजान म्हणायचो. नांदेडला आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड केला, काही वर्षं तिथेच एका कारखान्यात काढली आणि मग लातूरला स्वतःचा लेथ टाकला. मोटरसायकली, ट्रॅक्टर, विहिरीवरची इंजिनं, जे येईल त्याचं बोअरिंग करायचं. दुकानात एका इंग्रजी मासिकातलं पान भिंतीला चिकटवलेलं होतं. त्यावर फेरारी कंपनीची ३१२ पीबी नावाची गाडी. १९७२ साली या गाडीने कंपन्यांची जागतिक स्पर्धा जिंकली. त्या साली मराठवाड्यात दुष्काळी कामांवर खडी फुटत होती. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो.

त्या पानावर इंजिनाची मापं होती. बारा सिलिंडर, सहा या बाजूला आणि सहा त्या बाजूला, आडवे झोपवलेले. सिलिंडरचा व्यास ७८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५१.५ मिलिमीटर. मावरो फोर्गिएरी या इंजिनिअरने ते बनवलं होतं. भाईजाननी प्रत्येक आकड्याला तीनने भागलं. २६.१६ आणि १७.१६. आधी एकच सिलिंडर चालवून बघू, मग बाकीचे अकरा, असं त्यांनी ठरवलं. मोठ्या कंपन्यांतही नवं इंजिन बांधताना आधी एकाच सिलिंडरचं चाचणी-इंजिन करून बघतात. भाईजानना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. खर्चाच्या हिशेबाने ते त्याच जागी पोचले.

हा वेडेपणा जगात एकट्या त्यांचाच नव्हता. फ्रान्समधल्या अव्हिन्यों गावच्या पिएर सेरी या टेलिफोन खात्याशी संबंधित इंजिनिअरने हीच ३१२ पीबी एक तृतीयांश मापात केली, बाराच्या बारा सिलिंडरांसह. ते इंजिन चालतं. त्याला सुमारे पंधरा वर्षं लागली.

आता प्रश्न असा की मोठं इंजिन चालतं, तर त्याच मापाचं लहान इंजिन का चालू नये? भाईजानचा सिलिंडर चालला नाही. महिनोन्महिने चालला नाही. मी बी.ए., तोही मराठी घेऊन. मला कारण कळणं शक्य नव्हतं. पुढे त्यावर मी एक कविता लिहिली, तिच्यात इंजिनाला नशीब नव्हतं असं म्हटलं. ती छापूनही आली. कारण नशिबात नव्हतं, गणितात होतं, हे मला फार उशिरा समजलं. तेच आज सांगायचं आहे.

आपल्याला माहीत असलेल्या इंजिनापासून सुरुवात करू. किर्लोस्करांचं पाच हॉर्सपॉवरचं एव्ही-१ आपल्याकडच्या कितीतरी विहिरींवर बसलं. त्याचा व्यास ८० मिलिमीटर, म्हणजे फेरारीच्या एका सिलिंडरपेक्षा मोठाच. पण धाव ११० मिलिमीटर आणि फेरे मिनिटाला १५००. अर्ध्या लिटरहून थोडी अधिक जागा आणि शक्ती पाच हॉर्सपॉवर. फेरारीत तीन लिटरमागे साडेचारशेच्या आसपास. लिटरचा हिशेब धरला तर इकडे नऊ आणि तिकडे दीडशे. हा फरक मुख्यतः फेऱ्यांचा आहे. फेरारीचं इंजिन मिनिटाला साडेदहा-अकरा हजार फेरे घेतं. धाव आखूड ठेवलेली असते ती त्यासाठीच. पिस्टन एवढ्या वेगाने मागे-पुढे होताना कनेक्टिंग रॉड तुटू नये म्हणून.

हे सगळं तीनने भागलं की काय होतं? लांबी एक तृतीयांश होते. पृष्ठभाग एक नवमांश होतो. आणि आतली जागा, जिच्यात हवा आणि इंधन मावतं, ती सत्ताविसावा हिस्सा होते. तीन लिटरचं इंजिन १११ सीसीचं होतं आणि एका सिलिंडरमध्ये सव्वानऊ सीसी उरतात. चहाच्या दोन चमच्यांपेक्षाही थोडं कमी.

जाळ जागेच्या हिशेबाने तयार होतो आणि उष्णता भिंतींच्या हिशेबाने निघून जाते. पातेलीभर चहा बराच वेळ गरम राहतो आणि बशीतला घोटभर चहा बोलता बोलता थंड होतो, तसंच हे. लहान सिलिंडरला जागेच्या मानाने तिप्पट भिंत असते. म्हणून पेटलेल्या इंधनाची बरीच ऊब पिस्टन ढकलण्याआधीच लोखंडात शिरते. विहिरीवरचं डिझेल इंजिन तर नुसती हवा दाबून, तिच्या उष्णतेवर पेटतं. ते असं लहान केलं तर दाबलेली हवा थंड भिंतींमुळे पेटण्याइतकी तापतच नाही.

दुसरी गोष्ट अशी की काही वस्तूंना तीनने भागताच येत नाही. पेट्रोलचा थेंब आपल्या मापाचाच राहतो. हवा तीच राहते. विजेची ठिणगी तीच राहते. भाईजाननी बारीकसा स्पार्क प्लग घरीच केला होता, पण ठिणगीला उडायला जितका दाब लागतो तितकाच लागतो आणि प्लगच्या आतलं वेष्टण मात्र पातळ झालेलं. ठिणगी टोकाला उडायच्या ऐवजी कडेनेच पळायची. अंधारात बघितलं की निळी रेघ दिसायची. आम्हा पोरांना मजा वाटायची.

धातूचंही तसंच. मूळ इंजिनाची चार मिलिमीटरची भिंत इथे सव्वा मिलिमीटरची होते. वाळूच्या साच्यात एवढी पातळ भिंत ओतून नीट निघणं कठीण, म्हणून ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातूनच ती कोरावी लागते. क्रँकशाफ्ट तर एका अखंड पोलादी सळईतून काढायची. तिच्यावर सहा पिना, प्रत्येक पिनेवर समोरासमोरचे दोन पिस्टन, आणि पिना एका रेषेत नाहीत. त्यामुळे सळई दर वेळी नव्या केंद्रावर धरून कातावी लागते. बहुतेक पोलाद किसाच्या रूपाने लेथखाली पडतं. एवढं कापल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि सरळ सळई वाकते. म्हणून थोडं जास्त माप ठेवून थांबायचं, ती तापवून सावकाश निवू द्यायची आणि मग शेवटचा हात मारायचा. घाईच्या माणसाचं हे काम नाही.

आणि आता भाईजानच्या सिलिंडरकडे येऊ. एवढ्या बारीक पिस्टनरिंगा बाजारात मिळेनात, म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमचा पिस्टन रिंगांशिवायच बसवला. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात थोडी जागा सोडावी लागते. मोटरसायकलींच्या कामात त्यांचा हात सहा शतांश मिलिमीटरवर बसलेला होता. म्हणजे माणसाच्या केसाच्या आसपास. हाताने तेवढंच सोडलं. व्यासाला तीनने भागलं, धावेला तीनने भागलं, पण या फटीला भागायचं राहून गेलं. जिथून दाब निसटतो ती वाट सिलिंडरच्या परिघाइतकी, म्हणजे एक तृतीयांश उरली. आत दाबायची हवा मात्र सत्ताविसावा हिस्सा. सत्तावीस भागिले तीन. गळती, आतल्या हवेच्या मानाने, नऊ पट झाली. हाताने हँडल मारताना दाब जमायच्या आतच हवा निघून जायची.

बरं, फटीलाही तीनने भागून दोन शतांश ठेवले असते तरी आपल्याकडचा उन्हाळा आहेच. पहाटे वीस अंश असलेला पत्र्याच्या शेडमधला ॲल्युमिनियमचा पिस्टन दुपारी त्रेचाळीस अंशाला एकटाच जवळपास दीड शतांश मिलिमीटर फुगतो. लोखंडी सिलिंडर त्याच्या निम्माच फुगतो. सकाळी मोजलेली फट दुपारी तीच नसते. बारीक मोजमापाची खोली ठरावीक तापमानाला ठेवतात ते उगाच नाही. लातूरच्या शेडमध्ये ते व्हायचं कसं? भाईजान म्हणायचे, "मोजायचं ते फजरच्या नमाजानंतर." तेवढं एक त्यांना बरोबर उमगलं होतं.

लहान यंत्र म्हणजे मोठ्याला भागून आलेलं उत्तर नव्हे, ही गोष्ट लातूरकरांच्या डोळ्यांसमोरून जवळजवळ शंभर वर्षं धावत होती. आमची बार्शी लाइट रेल्वे! १८९७ साली कुर्डूवाडीकडून बार्शीला सुरू झालेली ही छोटी गाडी १९११ साली लातूरला पोचली. ब्रॉडगेजचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर, हिचे ७६२ वर, निम्म्यापेक्षाही कमी. पण तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने मोठं इंजिन घेऊन निम्मं केलं नाही. रूळ अरुंद झाले तरी प्रवासी साडेपाच फुटांचाच राहणार आणि कापसाची गाठ तेवढीच राहणार, हे त्याने ओळखलं. त्याने एकच अट घातली, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. आणि त्या अटीभोवती इंजिन नव्याने आखलं, वजन अनेक चाकांवर वाटून. आता ती वाट ब्रॉडगेज झाली. मी तिच्यातून लहानपणी प्रवास केला, पण खिडकीतून फक्त ज्वारी बघितली. चाकं मोजायला हवी होती.

हे मला ओळखीचं वाटायला हवं होतं, कारण गझलेतही असंच आहे. लहान बहराचा शेर म्हणजे लांब बहराच्या शेरातले शब्द कापून उरलेला शेर नव्हे. तिथे वेगळाच विचार लागतो. असो.

भाईजान गेले. लेथ आता पुतण्या चालवतो. त्यानेही आयटीआय केलं आहे, आणि त्याच्याकडे आकडेमोड आहे. मागच्या हिवाळ्यात तो माझ्याकडून सिलिंडर घेऊन गेला. "चाचा, कागदांवर ठेवायला वीट देतो," म्हणाला. त्याने वडिलांचा ॲल्युमिनियमचा पिस्टन बाजूला ठेवला आणि बिडाचा नवा केला. सिलिंडरही बिडाचाच, त्यामुळे दोघे सारखेच फुगणार. सिलिंडरपेक्षा जरासा मोठाच ठेवला आणि बारीक पेस्ट लावून हाताने, तीन संध्याकाळ, घासून घासून आत उतरवला. याला लॅपिंग म्हणतात. शेवटी त्यांच्यातली फट शतांश मिलिमीटरपेक्षाही कमी राहिली. वरून बोट दाबून धरलं आणि पिस्टन ढकलला की तो स्प्रिंगसारखा परत येतो. बीड ॲल्युमिनियमच्या अडीच पटींहून जड, त्यामुळे रेसिंगचा वेग आता विसरायचा. मूळ इंजिनातल्या पिस्टनइतक्याच वेगाने पळायचं तर या चिमुकल्याला मिनिटाला बत्तीस हजार फेरे घ्यावे लागतील. ते या पिस्टनला झेपणार नाहीत.

ठिणगीचा प्रश्न त्याने वेगळ्या तऱ्हेने सोडवला. छोट्या विमानांच्या इंजिनांना ग्लो प्लग नावाची वस्तू लागते. तिच्यात प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं असतं. सुरू करताना बॅटरीने ते लाल करायचं. मग मिथेनॉलचं इंधन आणि प्लॅटिनम यांची रासायनिक जवळीक आणि आधीच्या जाळाची ऊब यांवर ते तापलेलं राहतं. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही, म्हणून त्याने पोरासोरांना शेडबाहेर काढलं. मलाही काढलं. वंगण म्हणून इंधनात एरंडेल मिसळायचं. आपल्या घरांत पोट साफ करायला द्यायचे तेच. रेसिंगच्या इंजिनांत ते पूर्वी सर्रास वापरत.

पुतण्याने हँडलच्या जागी ड्रिल मशीन लावली. पहिल्यांदा नुसता पांढरा धूर. मग झडपांची वेळ थोडी पुढे घेतली. चौथ्या-पाचव्या खेपेला ड्रिलचा आवाज बदलला आणि त्याने ती काढून घेतली. इंजिन चालूच होतं. आवाज विहिरीवरच्या इंजिनासारखा मुळीच नव्हता. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडावी तसा होता, कानाला टोचणारा. नळीतलं इंधन संपेपर्यंत, मिनिटभरही नसेल, ते चाललं. शेडभर एरंडेलाचा वास. भाभी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "यांच्या कपड्यांना नेहमी डिझेलचा वास यायचा."

सिलिंडर आता दुकानातच असतो. कागदांवर मी खरोखरच वीट ठेवली आहे. भाईजानच्या पेटीत पोलादाची एक सळई निघाली. तिच्यावर निळी लावून सहा पिनांच्या खुणा ओढलेल्या आहेत. प्रत्येक खुणेला तीनने भागलेलं माप पेन्सिलीने लिहिलं आहे. पुतण्याने ती पुसून, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवली आहे. मापं पुन्हा काढायची आहेत, म्हणतो.