बगदादच्या ससूनांचं घर

मुलांनो, मुंबईची ससून गोदी आणि पुण्याचं ससून रुग्णालय तुम्हाला ठाऊक असेल. पण हे ससून मूळचे कुठले, सांगा पाहू?

डेव्हिड ससून बगदादचे ज्यू. तिथल्या सुभेदाराच्या जाचामुळे त्यांना राहतं घर सोडून पळावं लागलं. १८३०च्या दशकात ते बायकामुलांसह मुंबईत आले. कापसाच्या आणि हो, अफूच्याही व्यापारात खूप श्रीमंत झाले. मग भायखळ्याच्या टोलेजंग बंगल्यात राहू लागले. बंगल्याचं फ्रेंच नाव ‘सां सूसी’, म्हणजे ‘चिंता नाही’!

आज तिथे मसीना रुग्णालय आहे. घर गमावलेल्या माणसाच्या घरात आता आजाऱ्यांना आसरा मिळतो. कधी तिकडे गेलात, तर बंगला बाहेरूनच बघा. आणि गलका करू नका बरं का, आत रुग्ण असतात!