भुतांचा फराळ

अमेरिकेतल्या मराठी घरांत ऑक्टोबरच्या अखेरीस ओट्यावर जागेवरून भांडण लागते. एका बाजूला चकलीची भाजणी, दुसऱ्या बाजूला मुलांनी हौसेने आणून ठेवलेला भलामोठा केशरी भोपळा. हॅलोविन ठरल्या तारखेला, 31 ऑक्टोबरला येतो. दिवाळी तिथीने येते, म्हणून कधी त्याच्या आधी, कधी नंतर. 2024 साली तर नरकचतुर्दशीच 31 ऑक्टोबरला आली. सकाळी उटणे आणि संध्याकाळी सांगाड्याचा पोशाख, असा बेत त्या वर्षी पुष्कळ घरांनी पार पाडला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळा दिवाळीसाठी प्रथमच बंद होत्या, हे आणखी बरे झाले.

हॅलोविन म्हटले की आठवते ती दुकानातून पिशव्या भरभरून आणलेली, चकचकीत कागदातली कँडी. पण हा सण मुळात घरच्या भट्टीचा आहे. ख्रिस्ती पंचांगात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि 2 नोव्हेंबर हा मृतात्म्यांचा दिवस. त्या सुमारास इंग्लंडमध्ये गोरगरीब आणि लहान मुले दारोदार जात, त्या घरातल्या गेलेल्या माणसांसाठी प्रार्थना म्हणत आणि मोबदल्यात त्यांना ‘सोल केक’ मिळत. नावाला केक, पण ते असत छोटे, गोल, चपटे, मसाल्याच्या वासाचे आणि वर क्रॉसची खूण उमटवलेले. शेजारच्या आयर्लंडमध्ये बार्मब्रॅक नावाचा मनुकांचा गोडसर पाव होई. त्याच्या पोटात अंगठी, नाणे, चिंधी, काडी असे काहीबाही दडवलेले असे. ज्याच्या तुकड्यात अंगठी निघेल त्याचे वर्षाच्या आत लग्न, नाणे निघाले तर पैसा, चिंधी निघाली तर दारिद्र्य. आजही आयर्लंडमधल्या दुकानांत या दिवसांत विकायला येणाऱ्या बार्मब्रॅकमध्ये अंगठी असते. भविष्यावर कोणाचा विश्वास असो नसो, दात मात्र सगळे जपून लावतात.

आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत आल्यावर त्यांना त्याहून मोठा आणि कोरायला सोपा भोपळा सापडला. दारोदार फिरून ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणण्याची चाल मात्र फार जुनी नाही. ती 1920 आणि 1930 च्या दशकांत अमेरिका-कॅनडात रुजू लागली. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन आले, ते 1947 पर्यंत टिकले, आणि ते उठल्यावर ही चाल देशभर पसरली. सुरुवातीच्या त्या वर्षांत दारात उभ्या राहिलेल्या मुलांना बरेचदा घरचेच काहीतरी मिळे: पाकात वळलेले मक्याच्या लाह्यांचे लाडू, कुकी, डोनट, सफरचंद.

मग हे घरचे खाणे दारातून गेले कुठे? कँडी कंपन्यांच्या जाहिरातींनी त्याला बाजूला सारले हे खरे, पण शेवटचा धक्का भीतीने दिला. 1974 साली टेक्सासमधल्या एका बापाने विम्याच्या पैशासाठी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला सायनाइड मिसळलेली कँडी दिली आणि खापर कोण्या अनोळखी घरावर फोडायचा प्रयत्न केला. त्याला मृत्युदंड झाला. 1982 च्या शरद ऋतूत शिकागो परिसरात टायलेनॉल या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरले आणि सात माणसे गेली. त्या वर्षीचा हॅलोविन धास्तीतच गेला. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी 1958 पासूनच्या अशा बातम्या धुंडाळल्या. अनोळखी माणसाने सरसकट वाटलेला विषारी खाऊ खाऊन मूल दगावल्याचे एकही खात्रीचे उदाहरण त्यांना मिळाले नाही. तरी भीती बसली ती बसलीच. आज अमेरिकेत अनोळखी दारावरून आलेला घरगुती खाऊ आईबाप सरळ कचऱ्यात टाकतात. पुष्कळ शाळांतही वर्गात वाटायचा खाऊ बंद पाकिटातला आणि घटकांची यादी छापलेला हवा असतो. तिथे कारण ॲलर्जीचे आहे, आणि ते रास्त आहे.

म्हणजे घरी भाजलेली भुताची कुकी आता घरच्यांसाठी, ओळखीच्या शेजाऱ्यांसाठी आणि मुलांच्या छोट्या पार्टीसाठी. मला विचाराल तर हे एका अर्थी बरेच झाले. शेदीडशे नग पाडायचे नाहीत, कोणाला दाखवायचे नाहीत, त्यामुळे लाटणे बिनधास्त मुलांच्या हाती देता येते. चकलीला काटा आला नाही तर आई हळहळते. चेटकिणीचे बोट जितके वाकडे तितके अस्सल. मुलांना स्वयंपाकघरात आणायला यापेक्षा सोयीचा सण मला ठाऊक नाही.

सगळ्याच्या मुळाशी एकच पीठ पुरते आणि त्याचे प्रमाण मुलांना तोंडपाठ होते: एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. स्कॉटलंडच्या शॉर्टब्रेडचे हे जुने प्रमाण आहे. 100 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम मऊ केलेले बटर, 300 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, थोडा व्हॅनिला. अंडे नाही, त्यामुळे शाकाहारी घरांतही अडचण नाही. बेकिंग पावडरही नाही, आणि ती मुद्दाम नाही: ती घातली की कुकी फुगते, कडा पसरतात आणि वटवाघळाचा ढग होतो. बटर आणि साखर फक्त एकजीव होईपर्यंत घोटा. खूप फेसले तर आत हवा भरते आणि आकार पुन्हा बिघडतो. मैदा घातल्यावर हलक्या हाताने गोळा करा, चपटा करून झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग बेकिंगच्या दोन कागदांमध्ये ठेवून अर्धा सेंटिमीटर जाडीचे लाटा, म्हणजे वरून मैदा भुरभुरावा लागत नाही.

कापलेले आकार ट्रेसकट पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवायला विसरू नका. बटर गार असले की ते वितळायच्या आत कडा धरतात. सगळी गोम इथे आहे. ओव्हन 175 अंश सेल्सिअसला, म्हणजे अमेरिकेतल्या आकड्यात 350 फॅरेनहाइटला तापवून दहा-बारा मिनिटे भाजा. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की बाहेर काढा. मधे मऊ वाटतील, पण ट्रेवर पाच मिनिटे बसल्या की नानकटाईसारख्या घट्ट होतात. गरम असताना उचलायला गेलात तर भुताचे मुंडके ट्रेवरच राहील.

कच्च्या पिठाबद्दल मात्र मुलांना ठणकावून सांगा. अंडे नाही म्हणून पीठ चाखायला हरकत नाही, असा समज सर्रास आहे. मैदा हा कच्चाच असतो. 2016 साली अमेरिकेत मैद्यातूनच ई-कोलायची साथ आली होती आणि कारखान्याला पिठाच्या पिशव्या परत मागवाव्या लागल्या होत्या. बोटे चाटायची ती आयसिंगची.

हॅलोविनचे खास साचे विकत घ्यायची गरज नाही. ट्यूलिपच्या फुलाचा साचा उलटा धरला की झालर फडफडवणारे भूत मिळते. नाताळचा जिंजरब्रेडचा माणूस पांढऱ्या रेघा ओढल्या की सांगाडा होतो. वाटीने कापलेल्या गोलाला वर देठ चिकटवला की भोपळा. साचाच नसेल तर चेटकिणीची बोटे करा, आणि माझ्या मते असला तरी हीच करा. याच पिठाची करंगळीहूनही बारीक वळी करायची, कारण भाजताना ती थोडी फुगतेच आणि जाड केली तर बोटाऐवजी केळे दिसते. दोन ठिकाणी चिमटीत दाबून पेरे काढायची, सुरीच्या बोथट बाजूने त्यावर तीन-तीन सुरकुत्या पाडायच्या आणि टोकाला सोललेला बदाम खोचून नख करायचे. भाजून झाल्यावर नख अलगद उचटून खाली लाल जॅमचा ठिपका द्यायचा आणि नख परत बसवायचे, की रक्त ओघळते. सहा वर्षांच्या मुलाला यात जो आनंद होतो तो पाहून क्षणभर काळजी वाटते. सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेले मूल येणार असेल तर बदामाऐवजी भोपळ्याची बी लावा. तिचा आकार नखाला जास्तच शोभतो.

रंगाचे काम आयसिंगवर सोपवा. कपभर पिठीसाखरेत दूध चमच्याचमच्याने घालायचे. दीड-दोन मोठे चमचे पुरतात. चमचा उचलल्यावर पडलेली धार दहाएक सेकंदांत मिसळून गेली की ते पसरवायला योग्य. काळा रंग ही यातली अवघड गोष्ट. पांढऱ्यात काळा रंग ओतत बसलात तर आधी राखाडी होईल, मग कडू. त्याऐवजी कोको घालून तपकिरी करा, त्यात काळ्या जेल रंगाचा थेंब टाका आणि तासभर झाकून ठेवा, तो आपोआप गडद होतो. दात आणि टेबलावरचा कपडा दोन्ही काळे होतील, हे धरून चाला. केशरी रंगाला चिमूटभर हळद आणि बीटचा रस पुरतो. हळदीत खायचा सोडा चुकूनही जाऊ देऊ नका, ती लाल पडते. हळदीला चुना लावून कुंकू होते त्यातलाच हा प्रकार. वेगळ्या वाटीत मुलांना तो करून दाखवा. अर्धा तास ओटा तुमचा.

आता मार्शमेलोविषयी, कारण हॅलोविनचे अर्धे सोपे पदार्थ त्याच्यावर उभे आहेत. सर्वांत प्रसिद्ध म्हणजे राइस क्रिस्पीज ट्रीट्स. बॅटल क्रीक, मिशिगन इथल्या केलॉग कंपनीच्या स्वयंपाकघरात मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी 1939 साली तो बसवला. बटरमध्ये मार्शमेलो वितळवायचा, त्यात भाताच्या लाह्यांसारखे ते सीरिअल कालवायचे, थापायचे, कापायचे. हिरवा रंग आणि साखरेचे डोळे लावले की राक्षस तयार. पण नेहमीच्या मार्शमेलोत जिलेटिन असते, आणि ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघते. कडक शाकाहारी आजी पाहुणी आलेली असेल तर ही गोष्ट आधी सांगितलेली बरी. वनस्पतीजन्य मार्शमेलो मिळतात, महाग असतात. माझा सल्ला वेगळा आहे: कुरमुऱ्याचे लाडू करा. वाटीभर गूळ, चमचाभर तूप, चार-पाच वाट्या कुरमुरे. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर टणक गोळी झाली की कुरमुरे घालून वळायचे, आणि गरम असतानाच डोळे दाबून बसवायचे. पाक मोठ्यांनीच करायचा, कारण तो उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि कातडीला चिकटून राहतो. डोळे लावणे मुलांकडे. एक डोळ्याचा, तीन डोळ्यांचा, कपाळावर डोळा नसून हनुवटीवर असलेला, काहीही चालते.

भोपळा कोरला की त्यातून ओंजळी-ओंजळीने बिया निघतात, आणि त्या धुणे हे तीन वर्षांच्या मुलाचेही काम आहे. धागे काढून बिया कपड्यावर चांगल्या कोरड्या करा, तेलमीठ लावा, 175 अंशांवर पंधरा-वीस मिनिटे भाजा, मधे एकदा हलवा. बाहेर काढल्या की तिखट, हिंग आणि चाट मसाला. कोरायचा मोठा भोपळा चवीला पाणचट असतो, आणि दिवा लावून चार दिवस पायरीवर बसलेला तर खायचाच नाही. खाण्यासाठी लहान ‘शुगर पम्पकिन’ घ्या. त्याचा कीस गुळात शिजवून, कणीक मिसळून उत्तम घारगे होतात. ते भुताच्या साच्याने कापायला जरूर द्या. तळणीत फुगल्यावर भुताला पोट सुटते.

काडीला टोचलेली कॅरमेलची सफरचंदे मी मुलांबरोबर करत नाही. एक तर कॅरमेल पाकासारखेच भाजते. दुसरे, 2014 साली अमेरिकेत विकतच्या अशा सफरचंदांतून लिस्टेरिया जंतूची जीवघेणी साथ पसरली होती. काडी खोचल्यावर फळाचा रस वर येतो, कॅरमेलखाली साचतो आणि बाहेर ठेवलेल्या फळात जंतूंना आयते घर मिळते. करणारच असाल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. त्यापेक्षा सोललेल्या संत्र्यात सेलरीचा तुकडा खोचला की भोपळा होतो आणि अर्ध्या केळ्याला चॉकलेटचे दोन डोळे लावले की भूत. याला ओव्हन लागत नाही, पाच मिनिटे लागतात, आणि कँडीच्या त्या रात्रीआधी मुलांच्या पोटात काही बरे जाते.

चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे बदाम-शेंगदाणे, लाह्या किंवा कडक कँडी देऊ नका, घशात अडकते. आणि शेजारच्या मुलाला पाठवायच्या डब्यावर एक चिठ्ठी जरूर लावा. अमेरिकेच्या कायद्यात दूध, अंडी, गहू, सोया, शेंगदाणे, झाडावरचा सुकामेवा, मासे, कवचाचे जलचर आणि 2023 पासून तीळ असे नऊ ठळक ॲलर्जीकारक पदार्थ आहेत. आपल्या फराळात त्यातले निम्मे सहज सापडतात. काही घरांच्या पायरीवर या दिवसांत निळसर हिरवा रंगवलेला भोपळा दिसतो. या घरी ॲलर्जीच्या मुलांसाठी खाऊऐवजी छोटी खेळणी आहेत, असा त्याचा अर्थ. 2014 पासून ही खूण देशभर रूढ होत गेली आहे. चिठ्ठीवर ‘बटर, मैदा, साखर, बदाम’ एवढे लिहिले तरी पुरते, आणि ते लिहायचे काम ज्याला नुकते अक्षर वळू लागले आहे त्या मुलाला द्या. वाचता येईल एवढे मात्र पाहा.