स्टेअरिंग उजवीकडे, खुणा डावीकडे

नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका पोर्चमध्ये ताडपत्रीखाली एक जीप उभी आहे. स्टेअरिंग उजवीकडे. "दुसऱ्या महायुद्धातली आहे, जशीच्या तशी," घरातले काकाजी अभिमानानं सांगतात. परवा मेकॅनिक आला, तेव्हा त्यानं टॉर्च मारला तो स्टेअरिंगवर नाही, पार पलीकडे डाव्या सीटसमोर. पाय टेकायच्या तिरप्या पत्र्यावर तळहाताएवढा तुकडा जोडलेला होता. रंग सारखाच, पण कडेनं बोट फिरवलं की वेल्डिंगचे उंचवटे लागत होते. "भाऊ, हे पहा न," तो म्हणाला, "इथून दांडी जात होती."

तो बरोबर होता. 1941 ते 1945 या काळात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बांधल्या आणि त्या सगळ्या डाव्या स्टेअरिंगच्या होत्या. युद्ध संपल्यावर लष्करी डिस्पोजलमधून त्या भारतात लोकांच्या हाती आल्या, आणि आपल्या रस्त्यांसाठी कित्येकांची स्टेअरिंगं गॅरेजात उजवीकडे गेली. मूळ रचनेत पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली आणि सामानाचा कप्पा शेजाऱ्यासमोर. काकाजींच्या जीपमध्ये टाकी अजून डाव्या सीटखालीच आहे. उजवीकडचा कप्पा मात्र गेलाय. त्या जागी आता चालकाचे गुडघे येतात.

स्टेअरिंग सरकवणं म्हणजे नुसती दांडी हलवणं नव्हे. उजवा हात आरशात डावा दिसतो, तसाच उजव्या आट्यांचा स्क्रू आरशात डाव्या आट्यांचा दिसतो. स्टेअरिंग बॉक्समध्ये असाच एक स्क्रू असतो, त्याला वर्म म्हणतात. त्याच्या फिरण्यानं ड्रॉप आर्म हा दांडा पुढेमागे होतो आणि चाकं वळतात. गाडीची सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटी करायची, तर वर्मचे आटेही उलटे हवेत. डावीकडचा बॉक्स तसाच उजवीकडे बसवला आणि पुढचे जोड फक्त उलटवले, तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे वळेल! कारखाना यासाठी वेगळा बॉक्स बनवतो. गॅरेजवाला जुना बॉक्स उलथा करून बसवतो, नाहीतर मध्ये एखादा जास्तीचा दांडा घालतो. म्हणून स्टेअरिंगपासून चाकापर्यंतचा प्रत्येक जोड गाडीखाली आडवं पडून पाहावा. वाटेत विनाकारण वळसा दिसला, की संशय घ्यायला जागा आहे.

पत्र्याची साक्ष याहून पक्की. प्रेसमध्ये पाडलेलं भोक गोल, नेमकं आणि स्वच्छ कडेचं असतं. गॅसनं कापलेली कड खरबरीत असते, तिच्यावर जळकी पपडी धरते. पुट्टी भरून भोक लपवलं असेल तर चुंबक तिथं नीट धरत नाही. पत्रा जोडून बुजवलं असेल तर चुंबक फसतो. मग आतल्या बाजूनं बघायचं, कारण तिथं फिनिशिंग करायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

नंबरही बोलतात. जॅग्वार एक्सके 120 च्या उघड्या गाडीचे चासी नंबर उजव्या स्टेअरिंगसाठी 660001 पासून आणि डाव्यासाठी 670001 पासून सुरू होत. तिथं काही न उघडताच उत्तर मिळतं. फोर्डचा ब्रिटिश साम्राज्यातला माल बहुतेक कॅनडाहून यायचा. म्हणून मॉडेल ए च्या इंजिन नंबराआधी 'सीए' दिसलं, तर गाडी मुळात उजवी असण्याची शक्यता वाढते. हाच माल सुट्या भागांत मुंबईला उतरून इथं जुळवला जायचा. फोर्डनं 1926 मध्ये तिथं बस्तान बसवलं, तर जनरल मोटर्सनं 1928 मध्ये शिवडीला कारखाना काढला. गाडी अमेरिकन आहे म्हणून तिचं उजवं स्टेअरिंग मागाहून बसवलं असणार, असं सरसकट म्हणता येत नाही ते यामुळेच.

इंदूरच्या यशवंतराव होळकरांची 1935 ची ड्यूझेनबर्ग हे याचं सर्वांत देखणं उदाहरण. चासी अमेरिकेतली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग केशरी आणि काळा, आणि स्टेअरिंग पहिल्यापासून उजवीकडे. उलट बाजूनं बुगाटी पाहा. फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, तरी तिथल्या जुन्या बुगाटींची स्टेअरिंगं बहुतेक उजवीकडेच असत. म्हणजे स्टेअरिंगच्या जागेवरून गाडी कुठल्या देशासाठी बांधली, हेही ठरवता येत नाही.

हा तपास आता निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. जुलै 2021 मध्ये नागपूरचेच खासदार नितीन गडकरी यांच्या मंत्रालयानं जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम काढले. 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते आणि तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. त्यामुळे काय मूळचं आणि काय नंतरचं, हे मालकाला कागद भरण्याआधीच ठाऊक असायला हवं.

काकाजींची जीप फोर्डची निघाली. फोर्डनं या जीपच्या बोल्टांच्या डोक्यांवर 'एफ' अक्षर उठवलं होतं. मेकॅनिकनं रॉकेलच्या फडक्यानं एकेक बोल्ट पुसला. बंपर, स्प्रिंग, बॉडी, बहुतेक ठिकाणी 'एफ'. चासीच्या उजव्या बाजूला स्टेअरिंग बॉक्स धरणाऱ्या बोल्टांची डोकी मात्र कोरी होती.

काकाजी बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, डावीकडचा तो तुकडा घासून सपाट करून घेऊ का? मी त्यांना कळकळीनं म्हटलं, त्याला हात लावू नका. ज्यानं तो जोडला, त्याच्या कामाची ती खूण आहे. आता त्या तुकड्याचे फोटो काढून, तारीख घालून गाडीच्या कागदांत ठेवले आहेत.