दारूगोळ्याचा हिशेब आणि संसदीय समिती

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावचा मतदार यवतमाळ-वाशिम मतदारसंघातून लोकसभेत खासदार पाठवतो. परंतु संरक्षण खात्याच्या अनुदान मागण्या, म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी सभागृहाची मंजुरी मागणारे प्रस्ताव, अनेकदा वेळेअभावी चर्चेविनाच संमत होत असल्याने, या पैशाची बारकाईने छाननी होते ती मुख्यतः 1993 मध्ये स्थापन झालेल्या संरक्षणविषयक स्थायी समितीत. लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य असलेल्या या समितीत मंत्र्यांना स्थान नसते. बैठका बंद दाराआड होतात, आणि खात्याचे सचिव व सेनाधिकारी साक्षीला येतात. चौदाव्या लोकसभेत तिचे अध्यक्षपद महाराष्ट्राचे बाळासाहेब विखे पाटील यांनी भूषवले.

मार्च 2018 मध्ये संसदेत मांडलेला या समितीचा अहवाल मुळातून वाचण्याजोगा आहे. तत्कालीन लष्कर उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीपुढे सांगितले की, लष्कराची 68 टक्के सामग्री जुनाट असून केवळ 8 टक्के अत्याधुनिक आहे; आधुनिकीकरणासाठी 21,338 कोटी रुपये मिळाले असले, तरी चालू 125 योजनांचीच देणी 29,033 कोटींची आहेत. सेवेतील अधिकाऱ्याने ही तूट लोकप्रतिनिधींपुढे इतक्या स्पष्टपणे मांडावी, आणि सत्ताधारी पक्षाचेच खासदार असलेले निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती अहवालात जशीच्या तशी नोंदवावी, यातच या व्यवस्थेचे मोल आहे.

विदर्भाला हा विषय परका नाही. भंडारा आणि चांदा येथे आयुध निर्माणी आहेत, तर पुलगावच्या दारूगोळा भांडारात 31 मे 2016 रोजी लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नाही, असे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या म्हणजे कॅगच्या 2017 च्या अहवालाने दाखवून दिले.

समितीच्या शिफारशी मात्र सरकारवर बंधनकारक नसतात, आणि राज्याच्या सुरक्षेला बाध येईल असा कागद सादर करण्यास सरकार नकार देऊ शकते. गुप्तचर यंत्रणांच्या बाबतीत तर याहून मोठी पोकळी आहे: 1968 मध्ये स्थापन झालेली 'रॉ' कोणत्याही स्वतंत्र कायद्याने निर्माण झालेली नाही, आणि तिच्यावर देखरेख करणारी खास संसदीय समितीही नाही. ब्रिटनने 1994 मध्ये कायदा करून अशी समिती नेमली. भारतात खासदार मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये मांडलेले खासगी विधेयक कायद्यात उतरले नाही. गुप्ततेची गरज खरी आहे, पण शपथबद्ध मोजक्या खासदारांपुढे हिशेब दिल्याने ती भंगत नाही. म्हणून असा कायदा संसदेने आता करायलाच हवा.